भाच्याचं तोंड

फोटो या विषयातला आमचा अधिकार कारकुनी स्वरूपाचा आहे. बँकेच्या काउंटरवर बसून खातेदारांचे पासपोर्ट साइझ फोटो अर्जावर डकवायचे आणि समोरच्या गृहस्थाकडं संशयानं बघत "हे आपणच का?" असं विचारायचं, यात बावीस वर्षं गेली. चेहरा नीट दिसत नसेल तर आम्ही साधं बचत खातंसुद्धा उघडून देत नाही. हा गुण आमच्याकडं आईकडून आला असावा.

2019 च्या डिसेंबरात अस्मादिक ताईकडं कॅनडाला निघाले. ताई टोरांटोशेजारच्या मिसिसॉगात असते. निघताना आईनं लोणच्याची बरणी दिली आणि एकच काम सांगितलं, "त्या पोराचं तोंड दाखव मला."

त्याचं असं झालं होतं, की आमचा तेरा वर्षांचा भाचा आइस हॉकी खेळतो आणि ताई दर रविवारी त्याचे फोटो पाठवते. त्यात एक हेल्मेट असतं, हेल्मेटाला पुढून पोलादी जाळी असते, आणि खाली बैलाला लाजवतील असे खांदे असतात. आई चष्मा पुसून म्हणायची, "हा आपलाच कशावरून? आत कुणीही असेल!" फोनवर तो दिसायचा, नाही असं नाही, पण "हाय आजी" म्हणेस्तोवर पडद्यावर त्याचा कान यायचा आणि पाठोपाठ फ्रीज. घरात कॅमेरा उचलला की तोंडावर उशी. तेरा वर्षांच्या मुलाला आपलं तोंड ही खाजगी मालमत्ता वाटते. खेळताना मात्र तो भान विसरतो, तेव्हा तोंड सापडलं तर बर्फावरच सापडणार होतं. जाळीच्या आत.

आता वाचकहो, हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, हिरवळ आठवते. इथं त्यातलं काही नाही. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाची लादी, भोवती कठडा, कठड्यावर जाड पारदर्शक काच. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती. सातारी कंदी पेढ्याला डांबर फासून वर इस्त्री फिरवावी तशी. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या आकांतानं पळतात आणि बाकावर जाऊन बसतात, मग दुसरे उतरतात. पाऊण मिनिटाची ड्यूटी! आमच्या युनियनच्या अजून हे कानावर गेलेलं नाही.

भाऊजी फोटो काढू शकत नव्हते, कारण पालकांपैकी कुणीतरी घड्याळ सांभाळायचं असतं आणि ते काम त्यांच्याकडं होतं. पोरानं आगळीक केली तर त्याला दोन मिनिटं कोंडून ठेवतात, तो हिशेबही बापानंच ठेवायचा. तेव्हा भाऊजींचा कॅमेरा आमच्या गळ्यात आला.

पहिल्या सामन्याला आम्ही काचेला नाक लावून उभे राहिलो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवला आणि भाचा समोरून जाताच दाबलं. फोटोत मध्यभागी सूर्य उगवला होता आणि त्याच्या तेजात माकडटोपी घातलेले एक गृहस्थ दिसत होते. ते आम्हीच होतो. काचेवर उजेड टाकला की काच तो साभार परत करते, हे पंचवीस फोटोंनंतर आमच्या लक्षात आलं.

मग वर गॅलरीत जाऊन काचेवरून नेम धरला. आता सूर्य गेला आणि अंधार आला. फ्लॅशच्या उजेडाचा हिशेब फार कडक आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. तिप्पट झालं की नववा. असलं व्याज कुठल्या सावकारानंही लावलेलं नाही. त्यात कॅमेऱ्यातलं मीटर एवढा पांढरा बर्फ बघून दिपतं आणि सगळा फोटो गडद करून ठेवतं. आमच्या फोटोंत बर्फ कोळशाच्या वखारीत सांडल्यासारखा दिसत होता, आणि जाळीमागं भाच्याच्या तोंडाच्या जागी निव्वळ काळोख. ते फोटो आईला पाठवले असते तर तिनं दृष्टच काढली असती.

"उजेड हातात धरून येऊ नका. उजेड आधी पाठवून द्या, मग तुम्ही या," असं मागून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं. बघतो तर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा. त्यांचा नातू समोरच्या संघात होता, म्हणजे तत्त्वतः ते शत्रूच. पण फोटो काढणाऱ्या माणसाला दुसरा चुकीचा फोटो काढताना बघवत नाही. पुढच्या शनिवारी याच दोन संघांचा पुन्हा सामना होता. ते त्यांचे दोन फ्लॅश घेऊन आले.

त्यांची पद्धत अशी. एका गोलच्या बाजूला, गॅलरीत उंचावर, दोन फ्लॅश एकमेकांपासून लांब शिकंज्यांनी आवळायचे. शिवाय प्रत्येकाला पोलादी दोरी बांधायची, म्हणजे शिकंजा निसटला तरी कुणाच्या टाळक्यात पडणार नाही. दोन्हींचे नेम गोलच्या पुढ्यात तिरपे, पण गोलकीपरच्या थेट डोळ्यांत नाही. कॅमेऱ्यावर रेडिओची डबी. बटण दाबलं की इथून हुकूम सुटतो आणि तिथं वीज चमकते. मीटरला रजा द्यायची, सगळे आकडे हातानं लावायचे. शटर 1/250 सेकंद, कारण त्याहून घाई केली तर आमच्या कॅमेऱ्याचा पडदा फोटोवर काळी पट्टी पाडायचा. दिव्यांचा मूळ उजेड फोटोत अगदी फिका पडेल असं बघायचं, नाहीतर प्रत्येक खेळाडूमागं त्याचंच पुसट भूत धावताना दिसतं. खरा फोटो फ्लॅशच्या लकाकीत निघतो, आणि ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान असू शकते. भाचा कितीही जोरात पळाला तरी तेवढ्यात कुठं जाणार?

अर्थात त्याआधी परवानगी. काही ठिकाणी फ्लॅशला सक्त मनाई असते, म्हणून दोन्ही प्रशिक्षक, पंच आणि हॉलचा व्यवस्थापक अशा चौघांना आम्ही विचारून आलो. दोन जामीनदार घेऊन येणाऱ्या कर्जदारांविषयी त्या दिवशी आम्हाला प्रथमच सहानुभूती वाटली.

"एकच लक्षात ठेवा," आजोबा म्हणाले, "एकदा उडाला की फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो. पूर्ण ताकदीवर दोन-तीन सेकंद. मी पाव ताकदीवर लावलाय, तरी थंडीत सेल आळसावतात. धडाधड दाबू नका. वाट बघा."

वाट बघणं! बँकेत आम्ही लोकांना वाट बघायला लावतो, स्वतः बघायची सवय नाही. तिसऱ्या सत्रात पंच जरा बऱ्या पोझमध्ये उभे दिसले म्हणून आम्ही त्यांचा एक काढला, वर हात लागल्यासरशी आणखी दोन. आणि नेमक्या त्या क्षणी घोळक्यातून चकती सुटली, भाच्याच्या काठीवर आली आणि थेट जाळ्यात गेली. मोसमातला त्याचा पहिला गोल. आम्ही बटण दाबलं. कॅमेरा वाजला, फ्लॅश नाही. पडद्यावर काळोख. आमच्याजवळ पंचांचे तीन फोटो होते.

पोरं त्याच्या अंगावर कोसळली. भाऊजी घड्याळ सोडून उभे राहिले होते. आम्हाला वाटलं, हेल्मेट आपणच घालावं आणि जाळी खाली ओढावी.

गोंधळातून सुटून भाचा घसरत आमच्या बाजूला आला. मान वर करून गॅलरीत शोधायला लागला. "मामा, घेतलास?" एवढंच ओरडला. त्याला खोटं काय सांगावं कळेना, म्हणून आम्ही कॅमेरा डोळ्याला लावला. फ्लॅश तोवर भरला असावा. उजेड पडला.

घरी आल्यावर त्याला खरं ते सांगितलं. तो मिनिटभर बोलला नाही. मग कॅमेरा ओढून घेऊन शेवटचा फोटो बघितला आणि म्हणाला, "हा आजीला पाठव." फ्लॅशचा उजेड तिरपा जाळीतून आत शिरला होता आणि खालून बर्फानं तोच उजेड परत वर फेकला होता, त्यामुळं हेल्मेटची सावली डोळ्यांवर पडली नव्हती. एका गालावर जाळीच्या रेघा होत्या. बाकी सगळं तोंड उघडं. घामेजलेलं, आणि आपल्याला कुणी बघितलं का हे विचारणारं.

आईनं तो फोटो मोठा करून घेतला. आमच्या वडिलांच्या फोटोशेजारी तो भिंतीवर आहे. परतल्यावर मी तिला गोल कसा हुकला ते सगळं सांगितलं. दोन फ्लॅश, पाव ताकद, आळशी सेल, काही लपवलं नाही.

"असू दे रे," आई म्हणाली, "गोल काय, कुणीही करतं. हे बघ, याच्या भुवया थेट ह्यांच्यासारख्या आहेत. आता पटलं, आपलाच आहे."

मग चष्मा लावून पुन्हा एकदा बघत म्हणाली, "पण पोराला पिंजऱ्यात का रे घातलंय?"