पाणी न लागलेली विहीर

पाणी न लागलेली विहीर आपल्याकडे गावोगाव असते. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली असते, कर्ज काढलेले असते आणि सहा परस खोदून झाल्यावर खाली नुसता काळा पाषाण निघतो. मग काठाला घाणेरी माजते, म्हातारी माणसे पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत. म्हणूनच असेल, सायबेरियातल्या याकुत्स्क शहरातल्या एका कोरड्या विहिरीबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा ती खोदणारा माणूस मला लगेच ओळखीचा वाटला.

त्याचे नाव फ्योदोर शेर्गिन. शास्त्रज्ञ वगैरे नव्हे. अलास्कापर्यंत जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीचा तो याकुत्स्कमधला कारभारी. लेनासारखी अजस्र नदी उशाला असूनही त्याला कंपनीच्या आवारात हक्काचे पाणी हवे होते. १८२८ साली त्याने विहीर खणायला घेतली. वरची माती निघाली आणि खाली जमीन गोठलेली. आणखी खणले, तरी गोठलेलीच. एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. शेर्गिनही थांबण्याच्या बेतात होता म्हणतात. पण दर्यावर्दी संशोधक फर्डिनांड व्रांगेल याने त्याला भरीस घातले. १८३७ मध्ये काम थांबले तेव्हा खोली भरली होती ११६ मीटर. आपल्या हिशेबाने साठ परसांच्या वर. पाण्याचा टिपूस नाही. तळालाही जमीन गोठलेलीच.

जमीन इतक्या खोलवर बारमाही गोठलेली असू शकते, हे त्या काळी युरोपातल्या काही नामांकित भूशास्त्रज्ञांना पटतच नव्हते. मग १८४०च्या दशकात अलेक्झांडर मिडेनडॉर्फ हा संशोधक या विहिरीत उतरला. तिच्या भिंतींना वेगवेगळ्या खोलीवर आडवी भोके पाडून त्याने त्यांत तापमापक बसवले. खाली जावे तसे तापमान हळूहळू चढत होते, पण शून्याच्या वर कुठेच जात नव्हते. पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीच्या विज्ञानाचा पाया असा एका फसलेल्या विहिरीत घातला गेला. पुढे १९६० साली याकुत्स्कमध्येच या गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाची मोठी संस्था उभी राहिली.

हा सगळा मुलूख म्हणजे साखा प्रजासत्ताक. नकाशावर नाव बहुधा याकुतिया असे दिसते; पण ‘याकूत’ हे शेजारच्या एव्हेंकी लोकांच्या तोंडून रशियनांकडे आलेले नाव. ते स्वतःला साखा म्हणवतात. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडचे देश फुगून दिसतात, म्हणून मी या प्रदेशाचा आकार कधी मनावर घेतला नव्हता. मग एकदा आकडे पाहिले. क्षेत्रफळ जवळजवळ ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र दहा वेळा अंथरला तर हा प्रदेश झाकला जाईल. भारतापेक्षा तो थोडासाच लहान आहे. एका प्रजासत्ताकात घड्याळाच्या तीन वेळा चालतात. आणि माणसे? सुमारे १० लाख. एका सोलापूर शहरात जेमतेम मावतील एवढी माणसे दहा महाराष्ट्रांत पांगलेली.

थंडीचे आकडे तर सगळ्यांना तोंडपाठ असतात. याकुत्स्कचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे चाळीसच्या आसपास. व्हर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन या दोन गावांत ‘जगातले सर्वांत थंड वस्तीचे ठिकाण’ या मानावरून जुना वाद आहे. दोन्हींकडे उणे ६७ च्या खालची नोंद आहे. पाणी हंड्यातून उडवले की वरच्यावर बर्फ होते, ही चित्रे आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिली आहेत. मला त्याहून वेगळी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या थंडीत घर गार पडण्याची भीती असते, तशीच घर गरम राहण्याचीही असते. घरातली ऊब खाली उतरली तर पायाखालची गोठलेली जमीन सुटते, मऊ पडते आणि घर एका अंगाला कलते. म्हणून याकुत्स्कच्या इमारती खोल गाडलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, जमिनीपासून उचलून बांधतात. खालून गार वारा वाहता ठेवतात. गरम पाण्याचे नळही जमिनीत पुरता येत नाहीत. ते रस्त्याकडेने उघड्यावर धावतात आणि वाट आडवी आली की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात. आपण जमिनीवर घर बांधतो तेव्हा जमीन गृहीतच धरलेली असते. इथे जमिनीची झोप मोडणार नाही अशा बेताने राहावे लागते.

साखा लोकांना हे शेर्गिनच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. ही तुर्की कुळातली भाषा बोलणारी माणसे दक्षिणेकडून, बैकाल सरोवराच्या बाजूने, घोडे आणि गुरे घेऊन इथे आली. उणे पन्नासमध्ये गाई पाळणारे जगात दुसरे कोण असतील? जमिनीतला बर्फ वितळून जिथे विस्तीर्ण खोलगट कुरणे आणि त्यांच्या मधोमध तळी तयार झाली होती, तिथे त्यांनी वस्ती केली. अशा कुरणाला त्यांचा शब्द ‘अलास’. भूगोलाच्या पुस्तकांनी तो जसाच्या तसा उचलला आहे. मांस-मासळी ठेवायला ते गोठलेल्या जमिनीत तळघर खणत, ऐन उन्हाळ्यातही आत सगळे दगडासारखे टणक. आणि पिण्याचे पाणी? हिवाळ्याच्या तोंडाला तळ्यातून, नदीतून बर्फाच्या लाद्या कापायच्या, अंगणात लाकडांसारख्या रचायच्या आणि लागेल तशी एकेक घरात आणून वितळवायची. खेड्यांत आजही हे चालते. शेर्गिनने विहीर खणण्याआधी शेजारच्या एखाद्या साखा म्हातारीला विचारले असते, तर त्याची नऊ वर्षे वाचली असती.

पण बाहेरून आलेल्यांनी इथल्या माणसांना फारसे विचारलेच नाही. १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव्ह या कोसॅक सरदाराने लेनाकाठी लाकडी गढी उभारली, तीच याकुत्स्कची सुरुवात. झारच्या माणसांना हवे होते सेबल नावाच्या लहानशा प्राण्याचे मऊ कातडे. माणशी ठरावीक कातडी कर म्हणून द्यायची. न दिली तर गावातली प्रतिष्ठित माणसे ओलीस. सेबल कमी होत गेले तशी गढ्यांची रांग पूर्वेकडे सरकत गेली, आणि सरकारला या ओसाडीचा दुसरा उपयोग सुचला. नको असलेली माणसे इथे पाठवायची. इथे भिंतीची गरजच नव्हती, अंतर हाच तुरुंग.

या हद्दपारांत एडवर्ड पेकार्स्की नावाचा पोलिश वंशाचा एक तरुण क्रांतिकारक होता. १८८१ मध्ये तो याकुतियात आला. आजूबाजूला सगळे साखा बोलणारे. शेजाऱ्याशी बोलायचे म्हणून त्याने शब्द टिपायला सुरुवात केली, आणि टिपता टिपता सुमारे २५ हजार शब्दांचा साखा भाषेचा कोश तयार झाला. त्याचे भाग १९०७ पासून १९३० पर्यंत निघत राहिले. मधल्या काळात झार गेला, राज्यक्रांती झाली, पण कोश चालूच राहिला. मोल्सवर्थच्या कोशाशिवाय ज्यांचे पान हलत नाही, अशा आपल्यासारख्यांना हे नवल वाटू नये. बाहेरचा माणूस कधीकधी आपली भाषा आपल्याहून निगुतीने वेचतो. मात्र एक फरक आहे. मोल्सवर्थ राज्यकर्त्यांच्या बाजूने आला होता, पेकार्स्की राज्यकर्त्यांनी फेकून दिलेला. या मुलखातून कुणी काही न नेता उलट इथल्या लोकांच्या हाती ठेवून गेले असेल, तर त्यात हा कैदी पहिला.

साखा लोकांत एक कथा सांगतात. देव जगभर संपत्ती वाटत पोतडी घेऊन उडत चालला होता. याकुतियावर आला आणि थंडीने त्याचे हात गारठले. पोतडी सुटली, सोने, कोळसा, हिरे, सगळे इथेच सांडले. कथा गमतीची आहे, पण त्यात एक खोच आहे. देवाने हे त्यांना दिलेले नाही, त्याच्या हातून ते पडले आहे. पडलेली वस्तू उचलायला कुणीही येतो.

सोन्यासाठी १९२३ पासून अल्दान नदीकडे झुंबड उडाली. हिऱ्यांची गोष्ट १९५४ ची. लेनिनग्राडची भूशास्त्रज्ञ लारिसा पोपुगायेवा एका मदतनिसाला घेऊन दाल्दिन नदीच्या खोऱ्यात फिरत होती. ती शोधत होती पायरोप, म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल खडे. नाताल्या सार्सादस्किख या तिच्या ज्येष्ठ सहकारी महिलेने पद्धत शोधली होती: हिरा ज्या खडकात जन्मतो त्याच खडकात हे लाल दाणेही असतात, आणि हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने. तेव्हा ओढ्यातली वाळू धुवायची, दाणे मोजायचे. ते वाढत जातील तिकडे चालायचे, एकाएकी संपले की मागे फिरायचे. डास, चिखल आणि वाळूची थाळी, असा तो उन्हाळा. २१ ऑगस्ट १९५४ रोजी या लाल दाण्यांचा माग तिला सोव्हिएत संघातल्या पहिल्या किंबरलाइट नळीपाशी, म्हणजे हिरे असलेल्या खडकाच्या उभ्या स्तंभापाशी, घेऊन गेला. तिने नाव ठेवले ‘झार्नित्सा’, दूर क्षितिजावर चमकणारी वीज. पुढच्या वर्षी ‘मीर’ ही त्याहून श्रीमंत नळी सापडली आणि तिथे मीर्नी शहर वसले. १९५७ मध्ये हिऱ्यांच्या शोधाबद्दल लेनिन पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा या दोघींचीही नावे त्यात नव्हती. पोपुगायेवाला शोधकर्ती म्हणून मान्यता १९७० मध्ये मिळाली. सार्सादस्किख यांना तर १९९० मध्ये.

मीरची खाण वाढत वाढत ५२५ मीटर खोल आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद झाली. शेर्गिनच्या चार विहिरी एकावर एक उभ्या केल्या तरी तिचा काठ हाताला लागणार नाही. २००१ मध्ये उघडे खोदकाम थांबवून पुढे खालून बोगदे काढले. ४ ऑगस्ट २०१७ रोजी वरच्या खड्ड्यात साचलेले पाणी त्या बोगद्यांत घुसले आणि आठ कामगार गेले. शेर्गिनला न लागलेले पाणी इथे नको तेव्हा लागले.

हिऱ्यांचा पैसा साखांना मिळतच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. अल्रोसा या खाणकंपनीत प्रजासत्ताकाचा एक चतुर्थांश वाटा आहे, खाणीच्या तालुक्यांचाही थोडा आहे. पण खडा जातो दूर. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, आणि त्यांचे सौदे होतात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. २०२२ मध्ये अमेरिकेने अल्रोसावर निर्बंध घातले, आणि १ मार्च २०२४ पासून श्रीमंत राष्ट्रांनी रशियन खाणीतले, पण तिसऱ्या देशात पैलू पाडलेले, एक कॅरेट आणि त्यावरचे हिरेही बंद केले. म्हणजे युक्रेनमधल्या युद्धाचा हिशेब सुरतेत हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या कारागिरापर्यंत पोचला. ज्या मातीतून तो खडा आला, तिचे नाव त्याने क्वचितच ऐकले असेल.

एवढी संपत्ती निघालेल्या मुलखाची राजधानी अजून लेनाच्या एका काठावर अडकून आहे. रेल्वे आली ती पलीकडच्या काठापर्यंत. मधल्या नदीवर याकुत्स्कपाशी पुलासाठी पिढ्यांनी वाट पाहिली. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून मोटारींचा रस्ता. आणि बर्फ धरताना व सुटताना मधले काही आठवडे धड हेही नाही आणि तेही नाही. देवाची पोतडी इथे सांडली खरी, पण तिच्यातून पूल काही पडला नाही.

शेर्गिनची विहीर झाली, मीरची खाण झाली. आता तिसरा खड्डा. व्हर्खोयान्स्कच्या जवळ बातागाय नावाचे गाव आहे. १९६०च्या दशकात तिथले जंगल थोडे तोडले गेले. सावली गेली, जमीन उघडी पडली, आतला बर्फ सुटू लागला. एक घळ पडली, ती रुंदावत गेली आणि आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचे विवर आहे. ते दर वर्षी वाढते. आसपासचे लोक त्याला पाताळाचे दार म्हणतात. २०१८ मध्ये त्याच्या गाळातून एक शिंगरू निघाले, जेमतेम एक-दोन आठवड्यांचे; अंगावर केस शाबूत, खूर शाबूत. ते मेले होते ४२ हजार वर्षांपूर्वी. त्याच व्हर्खोयान्स्कमध्ये, जिथे पारा उणे ६७ च्या खाली गेला होता, २० जून २०२० रोजी तो ३८ वर चढला. आपल्या जळगावच्या माणसाला तो उन्हाळा वाटणार नाही. पण तिथे तो जमिनीच्या मुळावर येणारा आहे. पुढच्याच उन्हाळ्यात तिथले वणवे असे पेटले की त्यांचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोचला.

मला या तीन खड्ड्यांची राहून राहून सांगड घालावीशी वाटते. पहिला एका माणसाने पाण्यासाठी खणला आणि हाती ज्ञान लागले. दुसरा एका राष्ट्राने हिऱ्यांसाठी खणला आणि हिरे मिळाले. तिसरा कुणीच खणला नाही. थोडी झाडे तोडली, बाकीचे जमिनीने स्वतःच केले. साखांची सगळी रीत जमीन मिटलेली राहील या भरवशावर उभी होती: तळघरे, अलासांतली वस्ती. बाहेरच्यांचे सगळे गणित ती उघडण्यावर होते. आता ती कुणालाही न विचारता उघडते आहे, आणि त्याचा भुर्दंड आधी कुणावर पडेल हे सांगायला पाणाड्या नको.

याकुत्स्कमध्ये शेर्गिनची विहीर अजून आहे. तिच्यावर लाकडाचे छोटे घर बांधले आहे. पाणी नाही. तळाचे तापमान अजून तरी शून्याच्या खालीच आहे.