पिस्टनची मोकळीक

उजनीच्या जलाशयाकाठीं राहणाऱ्यास पिस्टन ही वस्तु पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. १९८० सालीं धरण पुरें झालें, भीमेचें पाणी करमाळा तालुक्यांतील शिवारांपर्यंत मागें पसरलें, आणि काठावर डिझेल इंजिनांची धडधड ऐकूं येऊं लागली. आमच्या वस्तीवरही असें एक इंजिन होतें. एका उन्हाळ्यांत त्याचा पिस्टन झिजला. आम्हीं बाजारांतून स्वस्तांतला दुसरा आणला व मिस्त्रींची वाट न पाहतां एका शिकाऊ मुलाकडून बसवून घेतला. तिसऱ्या दिवशीं इंजिन तापून जाम झालें. दुरुस्ती होईपर्यंत दीड एकर ऊंस डोळ्यांदेखत वाळला. बाजारी मालावरचा आमचा विश्वास उडाला तो तेव्हांपासून.

त्यामुळें गेल्या सुटींत आमचे पुतणे जुन्या मोटारीचें इंजिन टेम्पोंत घालून घरीं आले, तेव्हां आमच्या कपाळास आठ्या पडल्या. चिरंजीव पुण्यास यंत्रविद्या शिकतात. कंपनीचे मूळ ओतीव पिस्टन काढून शर्यतीचे घडीव पिस्टन बसवावयाचे, असा त्यांचा बेत. आणि "काका, चार पिस्टनांचे पैसे तेवढे तुम्ही द्या," हा त्या बेताचा समारोप! आमचें मन वळविण्यासाठीं त्यांनीं बेंटले यांची गोष्ट सांगितली. १९१३ सालीं त्या इंग्रज गृहस्थांस फ्रान्समधील एका मोटार-कारखान्यांत मेजावरील कागदांवर वजन म्हणून ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन दिसला. तशाच हलक्या पिस्टनांवर त्यांनीं पुढें वेगाचे विक्रम केले.

नकार आमच्या ओठांवर होता. तेवढ्यांत आमचे जुने मिस्त्री आले. त्यांनीं इंजिनाकडे पाहिलें व विचारलें, "बोअर मापला का? अन् ही गाडी रोज चालणार, का नुसती शर्यतीपुरती?" चिरंजीव गप्प झाले. मोटार रोजच्या वापरांतही राहणार होती.

मग दोघांचा संवाद रंगला. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. शर्यतीच्या कांहीं घडीव पिस्टनांत सिलिकॉन नाममात्र असतें. ते मार सोसतात, पण फुगतात अधिक. त्यांस मोकळीक जास्त ठेवावी लागते, म्हणून इंजिन थंड असतांना ते खडखडतात. सुमारें १२ टक्के सिलिकॉनचे घडीव पिस्टन कमी फुगतात. रोजच्या मोटारीस तेच बरे.

"आधी झीज मापायची, मग पुढच्या मापाचा पिस्टन घ्यायचा," मिस्त्री म्हणाले, "अन् पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापानं बोअर मारायचा. गुरुजी, तुमचा पिस्टन वाईट नव्हता. त्याला फुगायला जागाच ठेवली नव्हती."

आम्ही चमकलों. इतकीं वर्षें आम्ही बाजारास दोष देत होतों. दोष होता आमच्या घाईचा. त्याच घाईनें आतां पुतण्याचाही बेत आम्ही मोडणार होतों.

पैसे आम्हीं दिले. अट एवढीच घातली कीं, मापें मिस्त्रींच्या समक्ष घ्यावीं. चिरंजीवांनीं ती तत्काळ मान्य केली. आम्हीं मात्र त्या दिवसापासून ऊंस वाळल्याची गोष्ट सांगतांना बाजाराचें नांव घेणें सोडलें आहे.