पडला तर किती भावाला विकणार?

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांचा पिंड नोकरीचा. बँक, रेल्वे, शाळा, विद्यापीठ. पहिल्या तारखेला पगार आणि शिल्लक राहील ते फिक्स्ड डिपॉझिटमध्ये. शेजारच्या गुजराती घरात जेवताना शेअरचे भाव निघत, तेव्हा आमच्याकडे त्याला सरळ ‘सट्टा’ म्हणत. आता चित्र बदललंय. माझ्या पुतण्या-भाच्यांपैकी जवळपास प्रत्येकाचं डिमॅट खातं आहे आणि सणाला सगळे जमले की कोणीतरी विचारतंच, “काका, हा शेअर घेऊ का?”

मी उलट विचारतो, “किती भावाला विकणार?” उत्तर तयार असतं: “वीस टक्के वाढला की.” “आणि पडला तर?” इथे गाडी अडते.

माझी बहुतेक बचत लांब मुदतीची आहे. फक्त दोन लाख रुपये मी काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या सौद्यांसाठी वेगळे ठेवले आहेत. त्यांची एक वही आहे आणि तिचा नियम एकच: शेअर घेण्याआधी स्टॉपलॉसचा भाव लिहायचा. त्या भावाला शेअर आला, की आपला अंदाज चुकला असं मानून बाहेर पडायचं.

समजा, शेअर 500 रुपयांना घ्यायचा आहे. अलीकडे तो दोनदा 483च्या आसपास येऊन वर गेला. मग मी स्टॉप 480ला ठेवतो. म्हणजे एका शेअरमागे जोखीम 20 रुपये. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त, म्हणजे 2,000 रुपयांहून जास्त, गमवायचे नाहीत हे ठरलेलं. 2,000 भागिले 20, म्हणजे 100 शेअर. किती शेअर घ्यायचे हे असं स्टॉपवरून ठरतं, आपल्या उत्साहावरून नाही. जो शेअर रोजच तीन टक्के वरखाली होतो, त्याला एक टक्क्यावर स्टॉप लावला तर तो विनाकारण लागणार. तिथे स्टॉप लांब ठेवावा आणि शेअर कमी घ्यावेत.

भाव वर गेला तर स्टॉपही वर न्यायचा. 530 झाला, स्टॉप 505. 555 झाला, स्टॉप 530. तिथून भाव उलटला तर आपण 530च्या आसपास बाहेर, शेअरमागे 30 रुपये हातात. स्टॉप खाली मात्र कधीच सरकवायचा नाही. “थोडं थांबू, येईल परत” म्हणत तो खाली नेला, की चार दिवसांचा सौदा चार वर्षांची ‘गुंतवणूक’ होऊन बसतो.

आता परताव्याचं मोजमाप. गेल्या वर्षी एक पुतण्या आनंदाने सांगत होता, “काका, दहापैकी आठ सौदे फायद्यात!” आम्ही दोघं त्याचा हिशोब घेऊन बसलो. आठ सौद्यांत मिळून 14,000 रुपये नफा होता, खरंच. उरलेले दोन शेअर? “ते अजून विकले नाहीत ना, म्हणून तोटा धरला नाही.” ते दोन मिळून 23,000 रुपयांनी खाली होते. म्हणजे खरा हिशोब 9,000 रुपये उणे. मुलगा हुशार आहे, गणितात माझ्यापेक्षा पक्का. पण बाहेर पडायचा भाव लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे सौदा संपला कधी हे ठरत नव्हतं, आणि न संपलेल्या सौद्याचा तोटा मोजणीत येत नव्हता.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक सौदा जोखमीच्या पटीत लिहिलेला असतो. 20 रुपये जोखमीवर 30 मिळाले तर अधिक दीड पट. स्टॉप लागला तर उणे एक. समजा दहा सौद्यांपैकी सहा उणे एक, आणि चार अधिक दीड, दोन, अडीच, तीन. बेरीज अधिक नऊ, वजा सहा: तीन पट, म्हणजे 6,000 रुपये. सहा वेळा हरूनही हिशोब अधिक!

अर्थात हे सगळे खिशात येत नाहीत. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी लागतो. पन्नास-पन्नास हजारांच्या दहा सौद्यांत हाच सुमारे 1,000 रुपये होतो. शिवाय ब्रोकरेज, मुद्रांक शुल्क, आणि बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर. उरेल त्याला पूर्ण दोन लाखांनी भागायचं, फक्त गुंतलेल्या पन्नास हजारांनी नाही. चार दिवसांत दोन टक्के मिळाले म्हणून वर्षाचे शंभर-दीडशे टक्के काढत बसू नये. तो सौदा वर्षभर रोज मिळत नाही.

स्टॉप म्हणजे हमी नव्हे. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी उघडतानाच आदल्या बंद भावापेक्षा सुमारे नऊ टक्के खाली होता. अशा दिवशी 480चा स्टॉप 460लाही लागू शकतो. मर्यादा भाव घालून ऑर्डर टाकली असेल, तर शेअर विकला न जाताच भाव खाली निघून जातो. म्हणूनच एका सौद्यात सगळे पैसे घालायचे नाहीत आणि उसने पैसे तर मुळीच नाहीत.

सेबीने जुलै 2024मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2022-23मध्ये शेअरचे इंट्राडे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 76 टक्के. माझे सौदे त्याच दिवशी मिटणारे नसले, तरी हा आकडा मी विसरत नाही.

त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर आणखी दोन ओळी आहेत. दोन लाखांचे 1,70,000 झाले, तर त्या वर्षी सौदे बंद. आणि सलग दोन वर्षं, खर्च व कर वजा जाता, साध्या निफ्टी इंडेक्स फंडापेक्षा कमी मिळालं, तर हा उद्योगच बंद करून पैसे त्या फंडात. आतापर्यंत दोन्हींची वेळ आलेली नाही. आली, तर काय करायचं ते लिहिलेलं आहे.