जिन्यावरून पडला

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. बाईक मी चालवत होतो, दादा मागे. पुण्यात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. रस्ता खोदून अर्धवट बुजवलेला, वर पाणी साचलेलं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मला खरचटलं, दादाच्या मांडीचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, "कसं लागलं?" रस्त्यावरचा अपघात म्हटलं की पोलीस केस होते, हे रिक्षातच कळलं होतं. त्यात माझं लायसन्स संपलेलं. मी म्हणालो, "जिन्यावरून पडला." दादाने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

मी दिवसभर डेटा सांभाळतो. 'नल' म्हणजे माहीत नाही, शून्य म्हणजे नाही. ही गल्लत झाली की डॅशबोर्ड छान दिसतो आणि खोटं बोलतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२चा अहवाल वाचताना तेच आठवलं. ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू, ४,४३,३६६ जखमी. म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीसुद्धा नाहीत! आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. मृत्यू सहसा लपत नाही, मोडलेली मांडी लपते. आम्हीच लपवली.

नोंद झालीच, तरी 'गंभीर' कोण हे ठरतं फौजदारी कायद्याच्या व्याख्येने. तिच्यात हाड मोडलं तरी गंभीर, दात मोडला तरी गंभीर. (व्याख्या शिक्षा ठरवायला केलेली, तिला तरी काय दोष द्यायचा.) युरोपीय देश हॉस्पिटलच्या निदानावरून प्रत्येक इजेला १ ते ६ अंक देतात, सर्वांत मोठा अंक ३ किंवा जास्त असेल, तर गंभीर. दाताला १, मांडीच्या हाडाला ३. पट्टी चांगली आहे. पण मार रस्त्यावरच लागला, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर 'ब्लॅक स्पॉट' ठरवायचा एक निकष असा: ५०० मीटरच्या पट्ट्यात, तीन वर्षांत, मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात. पाचव्याने काउंटरवर जिना सांगितला, की उरतात चार.

आमच्या खड्ड्यावर डांबर पडलंय, पुन्हा खचलंय. दादाच्या पायात रॉड आहे. जिना उतरताना तो आता कठडा धरतो. परवा त्याच्या मागून उतरताना विचारलं, "दादा, तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू घाबरला होतास रे," म्हणाला, आणि पुढची पायरी उतरला.