ठरले म्हणजे कोणाचे ठरले?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. करताना इतिहास शिकवायचे मनात होते. इतिहासाबरोबर नागरिकशास्त्रही गळ्यात पडले. एकदा वर्गात 'राय-ए-आम्मा' हा शब्द आला. उर्दू संज्ञेखाली फळ्यावर मराठी प्रतिशब्द लिहायचा, ही आमची जुनी सवय. पुढे कॉलेजात, कचेरीत मुलांची गाठ मराठीशीच पडणार आहे. आम्ही लिहिले, 'लोकमत'. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो पेपर का नाम है!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि व्याख्या सांगितली. सार्वजनिक प्रश्नावर लोकांनी विचार करून, चर्चा करून बनवलेले मत म्हणजे लोकमत. मुलांनी ती निमूट वहीत उतरवून घेतली. पण हे मत नेमके कुठे बनते आणि ते बनताना कोण हजर असतो, हे व्याख्येत नसते. ते आम्हांला आमच्याच मोहल्ल्याने शिकवले. शिकवणीची फीही घेतली!

२०१६ च्या अखेरीस आमच्या गावच्या नगरपरिषदेची निवडणूक होती. आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव होती. मतदानाच्या आठ दिवस आधी, इशाच्या नमाजनंतर, एका बुजुर्गांच्या अंगणात बैठक बसली. चाळीस-पन्नास माणसे असतील. सगळे पुरुष. जागा बाईची, उमेदवार बाई, आणि ठरवायला एकही बाई नाही, हे तेव्हा आम्हांलाही खटकले नाही. खरे तर लक्षातच आले नाही.

उमेदवार तीन होत्या. पहिली मोहल्ल्यातल्याच एका वजनदार गृहस्थांची पत्नी. पोस्टरवर तिच्यापेक्षा त्यांचाच फोटो मोठा. दुसरी एक निवृत्त नर्स. ती आमच्या जमातीची नव्हती, पण मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना लस तिच्याच हातची. तिसरी पलीकडच्या पेठेतली. बुजुर्ग म्हणाले, "मतं बिखरी तो तिसरी आएगी. इस बार सब एक तरफ. किसी को कुछ बोलना है?"

आम्हांला बोलायचे होते. उन्हाळ्यात पाणी पाचव्या दिवशी येते आणि शाळेच्या मागचे गटार वर्षभर तुंबलेले असते. त्याविषयी या उमेदवार काय करणार, एवढे तरी विचारायचे होते. दोघा-तिघांनी आमच्याकडे पाहिलेही. मास्तर माणूस, काहीतरी बोलेल! आम्ही चहाच्या कपात पाहत बसलो. 'आपण नोकरदार, राजकारणात पडू नये' अशी मनाची समजूत घातली. प्रचार करणे आम्हांला वर्ज्य आहे, हे खरे. प्रश्न विचारणे वर्ज्य नव्हते.

"तो ठहर गया," बुजुर्ग म्हणाले. परतताना एक रिक्षावाला तरुण हळूच म्हणाला, "सर, आप बोलते तो मैं बी बोलता था." आम्ही काय उत्तर देणार? तो आमची वाट पाहत होता आणि आम्ही त्याची!

बी.एड.च्या मानसशास्त्रात सॉलोमन अ‍ॅश यांचा प्रयोग आम्ही पाठ केला होता. १९५१ साली त्यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना रेघा दाखवल्या आणि समोरच्या रेघेएवढी रेघ कोणती ते विचारले. उत्तर उघड होते. पण आधीची सगळी मुले, अगोदर ठरवून, एकमुखाने चूक उत्तर देत. सुमारे पाऊण मुलांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून गर्दीचे उत्तर दिले. याच प्रयोगाची दुसरी बाजू आम्ही परीक्षेपुरती लिहिली आणि विसरलो. गर्दीत एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकणाऱ्यांची संख्या एकदम खाली येई. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, तरीही ती घटे.

त्या रात्रीच्या अंगणात तो 'एक' कोणीच नव्हता. कागद मात्र पुढे येणार होता.

मतदानाच्या दिवशी आमची ड्युटी दुसऱ्या गावी लागली. आम्ही तिथे मतदान अधिकारी म्हणून लोकांची नावे यादीत शोधून खुणा करत बसलो. एका म्हातारीला दोघांनी उचलून आणले, तेव्हा मन भरून आले. पण आमचे स्वतःचे मत? ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला टपाली मतपत्रिका मिळते. त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. आम्ही केला नव्हता. 'ठरलेच आहे, एका मताने काय होते!' असे म्हणून टाळले होते. बैठकीत बोललो नाही आणि मतही दिले नाही. नागरिकशास्त्राच्या मास्तरांची ही कहाणी!

निकाल लागला. तिसरी निवडून आली. मोहल्ल्याच्या केंद्रांवरची बरीच मते नर्सबाईंना पडली होती.

मोहल्ल्यात गहजब झाला. 'गद्दार कोण?' याचा शोध सुरू झाला. मत कोणाचे ते कळत नाही, पण कोणत्या केंद्रावर कोणाला किती, हे यंत्रावरून कळते. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पेट्यांतली मते एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. २०१५ च्या अहवालात विधी आयोगानेही तेच म्हटले. सूचना अमलात आलेली नाही. म्हणजे माणसाचे मत गुप्त, मोहल्ल्याचे मत उघडे! महिन्याभराने गटाराचे सांगायला काही जण गेले, तेव्हा विजयी बाजूच्या एका कार्यकर्त्याने हसत ऐकवले, "तुमच्या केंद्रावर आम्हांला मते किती पडली, ते पाहून आलात का?"

आम्ही घरी चरफडत होतो. पत्नी शांतपणे भाजी निवडत म्हणाली, "गद्दारी कसली? आम्हांला कोणी विचारले होते?"

"म्हणजे तू..."

"मी एकटी नाही. नळावर सगळ्यांचे ठरले होते. पोराला रात्री ताप आला तर दार कोण उघडायची, ते बायकांना माहीत आहे."

आम्ही गप्प. एका घरात, एका छपराखाली दोन लोकमते नांदत होती, आणि आम्हांला एकाचाच पत्ता होता. पुरुषांचे अंगणात ठरले, बायकांचे नळावर. यादीत बायकांची नावे जवळपास निम्मी. अंगणातल्या 'आपण'मध्ये ती निम्मी माणसे नव्हतीच. मग 'सगळे एका बाजूला' हे कोणत्या हिशेबाने?

बुजुर्गांची भीती खोटी नव्हती, हे आम्ही कबूल करतो. मते विखुरली आणि तिसरी आली. थोड्या संख्येच्या वस्तीला एकजूट लागते. पण बायकांना त्या रात्री बोलावले असते, तर कदाचित सगळा मोहल्ला नर्सबाईंच्या मागे उभा राहिला असता. तीही एकजूटच झाली असती! न विचारता केलेली एकजूट ही एकजूट नव्हे, ती नुसती हजेरी. आणि हजेरीत 'हाजिर' म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कोण सांगणार?

बाहेरचे लोक आमच्या मतांना 'गठ्ठा' म्हणतात. आम्हांला राग येतो. पण गठ्ठा बांधायची सुतळी आमच्याच अंगणातून जाते, हे कोणी बोलत नाही. बाहेरच्याला गठ्ठ्याची भीती दाखवता येते, आतल्याला गठ्ठ्याचा सौदा करता येतो. दोघांचे साधते. गटार मात्र तिथेच! मोठ्या पडद्यावरही गणित फारसे निराळे नसते. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बहुतेक एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेत होते. ४ जूनला आकडा २९३ निघाला. कारणे अनेक असतील. पण विचारणाऱ्याला सांगितलेले मत आणि बटण दाबणारे मत एकच असते असे नाही, हे आम्हांला आमच्या घरातूनच ठाऊक होते.

पुढे नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि जवळपास चार वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक आले. त्या काळात कोणाला मत द्यायचे हा प्रश्नच नव्हता, तेव्हा मोहल्ल्याने पहिल्यांदा नुसते 'काय हवे' यावर बोलणे केले. पाण्याचा अर्ज बायकांनी लिहवून घेतला. शेजारच्या खालांनी अंगठा उठवला आणि त्या स्वतः कचेरीत जाऊन बसल्या. मत देणे हा सहभागाचा एक दिवस झाला. बाकीचे दिवस असे असतात, हे आम्ही त्या अंगठ्याकडून शिकलो.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक आली. पुन्हा इशानंतर बैठक. पुन्हा तोच प्रश्न, "किसी को कुछ बोलना है?" हात थरथरत होता, तरी वर केला. "चाचा, कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण सगळ्या उमेदवारांना एकदा इथे बोलवा, आणि बायकांनाही बसवा. पाण्याचे त्याच विचारतील."

क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातून तोच रिक्षावाला म्हणाला, "सर बराबर बोले." त्याच्यामागे आणखी एक, मग आणखी दोघे. बुजुर्गांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बुलाओ."

सगळे उमेदवार आले नाहीत, दोनच आले. बायका दाराशी बसल्या, पण प्रश्न त्यांचेच होते. यावेळी टपाली मतपत्रिकेचा अर्ज आम्ही पहिल्याच दिवशी भरला. मत कोणाला दिले, ते पत्नीलाही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

आता वर्गातही एक बदल केला आहे. मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत पूर्वी आम्ही हात वर करायला लावायचो. मुले आधी शेजाऱ्याचा हात पाहायची, मग स्वतःचा वर करायची. आता आधी दोन दिवस चर्चा होते आणि मग चिठ्ठी. चर्चेत सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलीला पहिली पाळी देतो. गेल्या वेळी तिने वर्गाला एवढेच विचारले, "मुलींच्या संडासाची कडी कोण लावून देणार?"

निवडणूक त्या कडीवरच झाली. कडी आता लागली आहे.