वीतभर मालमोटार

जर्मनीचें नांव घेतलें कीं संस्कृत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें तेथील विद्यापीठें आणि ग्रंथालयें उभीं राहतात. आम्हीहि हांबुर्ग शहरीं गेलों तेव्हां मनांत तोच हेतु होता. परंतु तेथें आमचें लक्ष अधिक वेधून घेतलें तें वीतभर लांबीच्या मालमोटारींनीं. वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. तरी त्यांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर एल्ब नदीच्या कांठीं यावें, आणि मग काय तें ठरवावें, अशी विनंति आहे.

हांबुर्ग समुद्रापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत आहे. तथापि जर्मनींतील सर्वांत मोठें बंदर तेंच. बंदराच्या जुन्या भागांत तांबड्या विटांच्या अनेक मजली वखारींची एक नगरीच वसलेली आहे. तिला तेथील लोक श्पायखरश्टाट, म्हणजे वखारनगरी, म्हणतात. तिचें बांधकाम १८८३ सालीं सुरू झालें व १८८८ सालीं बादशहा दुसरा विल्हेल्म ह्याच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. इमारती लाकडी खुंटांच्या पायावर उभ्या आहेत. त्यांच्या एका अंगास रस्ता व दुसऱ्या अंगास कालवा, अशी योजना असल्यामुळें माल होडीनें यावा आणि गाडीनें जावा, ही सोय आपोआप झाली. कॉफी, चहा, मसाले, गालिचे असा सर्व जगाचा माल येथें सांठविला जाई. २०१५ सालीं ह्या भागाची गणना जागतिक वारशांत झाली.

ह्याच वखारींपैकीं एकींत फ्रेडरिक व गेरिट ब्राउन ह्या जुळ्या भावांनीं १६ ऑगस्ट २००१ रोजीं लहान आगगाड्यांचें प्रदर्शन उघडलें. आदल्या वर्षीं झुरिच येथें खेळण्यांतील आगगाड्यांच्या एका दुकानांत फ्रेडरिक ह्यांस आपला बालपणचा छंद आठवला, आणि त्यांतून ही कल्पना निघाली. प्रदर्शनाचें नांव मिनिआतूर वुंडरलांड. आपण त्यास लघु अद्भुतनगरी म्हणूं. आल्प्सचीं शिखरें, खऱ्या पाण्यावर जहाजें चालणारा स्कँडिनेव्हियाचा किनारा, विमानें उडतात व उतरतात असें भासविणारा विमानतळ, असे अनेक देखावे तेथें आहेत. दर थोड्या वेळानें दिवे मंदावून रात्र पडते आणि हजारों खिडक्या उजळतात. बहुतेक प्रेक्षक आगगाड्या पाहण्यास येतात. आमचा भाचा, जो नोकरीनिमित्त त्याच शहरीं राहतो, तो मात्र आम्हांस थेट एका सडकेपाशीं घेऊन गेला आणि म्हणाला, “मामा, गाड्या मागाहून पाहा. आधीं हा रस्ता पाहा.”

रस्त्यावर मालमोटारी चालल्या होत्या. त्या वळणावर दिवा लुकलुकवीत, चौकांत थांबत, पुढील मोटार हललीं कीं मग निघत. वर दोरी नाहीं, खालीं खोबण नाहीं. युक्ति अशी कीं रस्त्याच्या पृष्ठभागाखालीं लोखंडाची बारीक तार पुरलेली असते. मोटारीच्या पुढच्या आंसाला एक लोहचुंबक जोडलेला असतो. तो तारेचा माग काढतो आणि चाकें त्याप्रमाणें वळतात. विजेचा संचय व छोटें यंत्र मोटारीच्या पोटांतच असतें. काळ्या अरण्यांतील ग्यूटेनबाख ह्या गांवच्या फालर कंपनीनें ही रीत १९८९ सालीं बाजारांत आणली. हांबुर्गच्या मंडळींनीं तिला संगणकाची जोड देऊन मोटारींना थांबणें, वळणें व वीज संपत आली म्हणजे भरून घेण्यास जाणें शिकविलें. अशा रस्त्यांवर मालमोटारींचाच भरणा अधिक कां, ह्याचें कारणहि सरळ आहे: यंत्र ठेवण्यास पोट मोठें लागतें.

ह्या साऱ्या सृष्टीचें प्रमाण एकच, मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. युरोपांतील मुख्य लोहमार्गांच्या दोन रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर. त्यास ८७ नीं भागलें कीं साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि ह्या लहान आगगाडीचे रूळ तितकेच रुंद असतात. साडेसोळा मीटर लांबीची आजची जोडमालमोटार १९ सेंटिमीटरांची, म्हणजे वितीहून किंचित् कमी, होते. वजनाचा हिशेब मात्र निराळा. लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही ८७ पटींनीं घटल्या म्हणजे घनफळ ६,५८,५०३ पटींनीं घटतें. रस्त्यावरील ४० टनांची भरलेली मालमोटार ह्या न्यायानें सुमारें ६१ ग्रॅमांची, म्हणजे पांच-सहा तोळ्यांची, होईल. शाळेंत घन शिकवितांना असें साधन हातीं असतें तर विद्यार्थ्यांस तो एका दिवसांत समजला असता.

आगगाडीच्या छंदांत मालमोटार कशाला, असा प्रश्न आम्हीं भाच्यास विचारला. त्याचें उत्तर आम्हांस पटलें. आगगाडी कोणाच्या दारापर्यंत येत नाहीं. शेतांतून स्थानकापर्यंत व स्थानकापासून दुकानापर्यंत माल दुसऱ्या कोणी वाहावा लागतो. मालधक्क्याशीं एकहि मोटार वा बैलगाडी उभी नसेल, तर तेथील वाघिणी कशानें भरल्या हें कळत नाहीं, आणि सारा देखावा निर्जीव होतो. आपल्या कोंकण रेल्वेनें तर ही सोबत आणखी पुढें नेली. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यांतील वेर्णा ह्या मार्गावर भरलेल्या मालमोटारीच सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची व्यवस्था तिनें सुरू केली.

भाच्याच्या घरीं एका खोलींत त्याचीहि लहानशी मांडणी आहे. भिंतीशीं कांचेच्या कपाटांत दोनशेंवर मालमोटारी ओळीनें उभ्या होत्या. त्यांत विकिंग कंपनीच्या होत्या; ही कंपनी पूर्वीं जहाजांच्या प्रतिकृति करी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींसाठीं प्रसिद्धीस आली. तिच्या आरंभींच्या मोटारींच्या खिडक्यांना कांचा नसत, आणि आज संग्राहक त्याच अधिक मोलानें घेतात. बव्हेरियांतील हेर्पा कंपनीच्या होत्या; ती १९७८ पासून ह्या व्यवसायांत आहे. जुन्या काळच्या गाड्यांविषयीं नांवाजलेल्या ब्रेकिनाच्याहि होत्या. आम्हांस संग्रह मोठा वाटला. भाचा म्हणाला, “मामा, ह्यांतल्या माझ्या उपयोगाच्या सातच.”

ह्या उत्तरानें आम्हांस अलंकारशास्त्रांतील एक जुनी गोष्ट आठवली. क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें. कंठांत मेखला आणि कमरेस हार घातला, तर दोन्ही दागिने सोन्याचे असूनहि माणूस हास्यास्पद दिसतो, हें त्याचें सांगणें. लहान आगगाडीच्या छंदांतहि औचित्याचेंच राज्य आहे. युरोपांतील संग्राहकांनीं रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडले असून जर्मनीपुरता तिसरा कालखंड सुमारें १९४९ ते १९७० असा धरतात. वाफेचें एंजिन आणि त्याशेजारीं लोखंडी संदूक वाहणारी मालमोटार, हें दृश्य सुंदर दिसेल. पण हांबुर्गच्या बंदरांत त्या संदुकांचें पहिलें मोठें जहाज १९६८ सालीं लागलें. १९५५ सालच्या मांडणींत ती मोटार उभी करणें म्हणजे अश्वमेधाच्या मंडपांत घड्याळ टांगण्यासारखें होय.

भाच्याची मांडणी आहे कोल्हापूरच्या मालधक्क्याची, साल १९६५. त्याचे वडील, आमचे कैलासवासी मेहुणे, तेथें माल-कारकून होते. तेव्हां मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेज होता. तो १९७१ सालीं रुंद झाला. एक मीटरास ८७ नीं भागलें तर साडेअकरा मिलिमीटर येतात. आल्प्समधील स्विस मीटरगेज गाड्यांच्या प्रतिकृतींसाठीं बारा मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. भाच्यानें तेच आणून कोल्हापुरास घातले. अर्धा मिलिमीटर त्यानें सोडून दिला.

मोटारींची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९५४ सालीं टाटांनीं जमशेटपूर येथें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. १९६९ सालीं तो करार संपला. त्या पंधरा वर्षांत आपल्या घाटांतून दम खात चढणाऱ्या लांब नाकाच्या मोटारींच्या कपाळीं तीन टोंकांची जर्मन चांदणी असे. त्याच कुळींतील मोटारींच्या प्रतिकृति जर्मनींत मिळतात. म्हणजे कोल्हापूरच्या गुळाची मोटार भाच्यास हांबुर्गच्या दुकानांत सांपडली. तिचा जर्मन हौदा काढून त्यानें काड्यापेटीच्या काड्यांचा आपल्याकडील लांकडी हौदा बसविला, आणि त्यांत अख्ख्या मसुराचे बारीक दाणे रंगवून गुळाचे रवे म्हणून रचले. लिंबू-मिरची मात्र टांगतां आली नाहीं. खऱ्या लिंबाचा सत्त्याऐंशीवा हिस्सा अर्धा मिलिमीटरहि भरत नाहीं. खसखशीचा दाणा लावून पाहिला, तर तो मोसंब्याएवढा दिसूं लागला. म्हणून लिंबू वगळलें.

भाच्याच्या मनांत पूर्वीं कोंकण रेल्वेची ती मोटारी वाहणारी गाडीहि करावयाची होती. वाघिणी त्यानें आणूनहि ठेविल्या होत्या. परंतु जी चांदणीवाली मोटार वडिलांच्या धक्क्याशीं उभी राही, ती १९९९ च्या गाडीवर चढूं शकत नाहीं. एक तर वडिलांचें साल ठेवावयाचें, नाहीं तर कोंकणची गाडी. त्यानें वाघिणी बांधून ठेविल्या. वडिलांचें निधन झालें तेव्हां तो परदेशीं होता, येवढें सांगितलें म्हणजे ह्या निवडीचें कारण वाचकांच्या ध्यानीं येईल.

आमची भाचेसून समंजस आहे, तरी तिनें एके रात्रीं जेवणानंतर आम्हांस सरळ विचारलें, “मामा, सात उपयोगाच्या, मग बाकीच्या दोनशें कोणासाठीं?” भाचा कांहीं बोलला नाहीं. त्यानंतरच्या रविवारीं आम्ही तिघेंहि तेथील जुन्या बाजारांत गेलों. एका बाईनें खोक्यांत मालमोटारी भरून मांडल्या होत्या. त्या तिच्या वडिलांच्या. प्रत्येकीच्या तळाशीं बारीक अक्षरांत विकत घेतल्याची तारीख लिहिलेली होती, आणि बाई त्या न पाहतां मूठमूठ देत होती. तिचा त्यांत दोष नव्हता. त्या मोटारी कोठल्या रस्त्यावर चालावयाच्या होत्या, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. भाचा बराच वेळ त्या तारखा वाचीत उभा राहिला. भाचेसुनेनेंच त्यांतली एक मोटार उचलून पैसे दिले. ती १९६५ च्या आधींची होती.

आम्ही परतण्यापूर्वीं कपाटांतील दोन फळ्या रिकाम्या झाल्या. कांहीं मोटारी भाच्यानें त्याच छंदाच्या शेजारच्या मुलास दिल्या, कांहींच्या बदल्यांत रुळांचे सांधे आणले. उरलेल्या प्रत्येक मोटारीसाठीं त्यानें एक वही केली आहे. तींत मोटार कोणत्या सालची, ती काय वाहते, कोठून कोठें जाते, आणि धक्क्यावर ती आल्यावर तिची नोंद कोण करतो, हें मराठींत लिहिलें आहे. शेवटच्या रकान्यांत प्रत्येक ओळीस वडिलांचें नांव आहे. त्याची मुलगी तेथेंच जन्मली. ती मराठी बोलते, पण वाचतांना अडखळते. वही वाचावयास तीच बसते. “रवा म्हणजे काय?” असें तिनें आम्हांस विचारलें, तेव्हां आम्हीं मसुराचा एक दाणा तिच्या हातीं ठेवून गुळाची, उसाची व मालधक्क्याची हकीकत सांगितली. त्यांत दोन तास गेले.

ज्यांस हांबुर्ग दूर आहे त्यांनीं पुण्यास कोथरुडमध्यें भाऊ जोशी ह्यांनीं उभारलेल्या लघुरेल्वे-संग्रहालयाची माहिती अवश्य काढावी. आणि घरांत कोणी अशा वस्तु जमवीत असेल, तर त्यास किती जमल्या हें न विचारतां, ही कोठली, कोणत्या सालची आणि कोणाची, असें विचारावें. व तो सांगेल तें कोठें तरी लिहून ठेवावें.