शेवटचे पन्नास मिलिमीटर

व्हिसलरच्या बाईक पार्कसाठी सायकल घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न ट्रॅव्हलचा विचारतो. मागे १४० घेऊ की १५०, की सरळ १७०? ट्रॅव्हल म्हणजे धक्का बसल्यावर चाक फ्रेमच्या दिशेनं जास्तीत जास्त किती मिलिमीटर वर सरकू शकतं, ते अंतर. शर्यतीच्या डाउनहिल सायकलला ते २०० असतं, जंगलवाटांवर चढउतार करणाऱ्या हलक्या सायकलला १२०. मधल्या १३० ते १५० च्या पट्ट्याला इकडे मिड-ट्रॅव्हल म्हणतात. मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या स्क्वामिश गावी माउंटन बाईकच्या सस्पेन्शनचं काम करतो. पार्कमध्ये जाणाऱ्या बहुतेकांना मी दीडशेच सुचवतो. मात्र ते दीडशे मिलिमीटर कुठे आणि कसे खर्च होतात, हे पाहिल्याशिवाय कुणी पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पार्क म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. स्क्वामिशहून साठेक किलोमीटरवर व्हिसलर आहे. हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं. बर्फ वितळला की मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याच चेअरलिफ्ट माणसांबरोबर सायकलीही डोंगरावर नेतात. १९९९ पासून हे पार्क चालू आहे आणि २००४ पासून इथे क्रँकवर्क्स हा माउंटन बाईकचा महोत्सव भरतो. चढायची मेहनत लिफ्ट करते, माणसानं फक्त उतरायचं. त्यामुळे नेहमीच्या वाटेवर आठवडाभरात जेवढा उतार वाट्याला येतो, तेवढा इथे एका सकाळीच येतो. सायकलवरचा ताण या पुनरावृत्तीतून येतो, आणि सायकल निवडताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

वाटाही एकसारख्या नाहीत. स्कीइंगसारखीच रंगांची पद्धत आहे : हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. ‘ए-लाइन’ ही पार्कची सर्वांत गाजलेली वाट काळ्या दर्जाची. यंत्रानं घडवलेली, गुळगुळीत, एकामागून एक टेबलटॉप, म्हणजे मधे सपाट माथा असलेल्या, उड्यांची आणि बाहेरच्या बाजूनं मातीचा बांध उचललेल्या वळणांची. निळ्या दर्जाची ‘बी-लाइन’ तिची धाकटी बहीण. वरच्या गार्बान्झो भागातली ‘गोट्स गली’ मात्र मुळांनी आणि दगडांनी भरलेली, जंगलातून कोसळत जाणारी. पहिल्या प्रकारच्या वाटेला लागणारी सायकल आणि दुसऱ्या प्रकारच्या वाटेला लागणारी सायकल वेगळी. तुम्ही दिवसभर फिरूनफिरून कोणती वाट उतरणार आहात, हे ठरवा. निम्मी निवड तिथेच होते.

उडीच्या वाटेवर जास्त ट्रॅव्हल अनेकदा आडवी येते. उडीच्या तोंडाशी जमीन वर वळते, तेव्हा चाक आत दाबलं जातं. मऊ, लांब सस्पेन्शन तो वळसा गिळून टाकतं. वेग असूनही सायकल हवेत कमी जाते आणि पलीकडच्या उतारावर न पोचता मधल्या सपाटीवर आदळते. दीडशेची सायकल त्याच जागी टेकू देते. पायांनी दाबलं की ती जमिनीकडून वेग परत घेते. वळणाच्या बांधात शिरताना चटकन कलते, बाहेर पडताना ढकलल्यासारखी सुटते. माझ्याकडे येणाऱ्या नवख्यांत उड्या लवकर आणि नीट शिकलेले बहुतेक जण याच पट्ट्यातल्या सायकलवर शिकले आहेत. आपण केलेली हालचाल आणि सायकलनं दिलेलं उत्तर यांचा संबंध त्यांना लगेच कळतो.

आता दीडशेतल्या शेवटच्या पन्नास मिलिमीटरकडे येऊ, जे मोठ्या धक्क्याला कामी येतात. १५० ची सायकल म्हणजे मागचं चाक दीडशे मिलिमीटर सरकतं, पण धक्का झेलणाऱ्या शॉकचा दांडा तेवढा आत जात नाही. बऱ्याच फ्रेममध्ये शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जाण्याचं अंतर, ५५ किंवा ६० मिलिमीटर असतो. १५० भागिले ६० म्हणजे २.५, म्हणजे सरासरीनं चाक अडीच मिलिमीटर सरकलं की शॉक एक मिलिमीटर दबतो. स्ट्रोक ५५ असेल तर हेच प्रमाण २.७३ होतं. याला लेव्हरेज म्हणतात. प्रमाण जितकं मोठं, तितका शॉकवर भार जास्त. वजनदार माणसाला मग शॉकमध्ये हवेचा दाब फार चढवावा लागतो आणि आतल्या तेलाला दाबावर ताबा ठेवणं कठीण जातं.

सरासरीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे हे प्रमाण सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसं बदलतं. सुरुवातीला ३ आणि शेवटी २.३ असेल, तर साधारण २३ टक्क्यांची घट झाली. अशी फ्रेम आरंभी मऊ असते, बारीक दगड गिळते आणि शेवटाकडे घट्ट होत जाते. पार्कसाठी मी वीस टक्क्यांच्या पुढची घट शोधतो. दहा टक्क्यांच्या आसपास घट असलेली फ्रेम नेहमीच्या वाटेवर छान वाटते, पण पार्कमध्ये दोनदा चुकीच्या जागी उतरलात की खालपर्यंत आदळते. एअर शॉकमध्ये प्लास्टिकचे छोटे स्पेसर घालून हवेची जागा कमी करता येते. सुरुवात तशीच राहते, शेवट कडक होतो. त्यालाही मर्यादा आहे. मुळात सरळ रेषेत चालणाऱ्या फ्रेमला स्पेसरांनी दुरुस्त करायला गेलं, तर शेवटी भिंतीवर आपटल्यासारखा धक्का मनगटांना बसतो. आणि अशा फ्रेममध्ये स्टीलच्या स्प्रिंगचा कॉइल शॉक तर घालूच नये. हवा शेवटी आपोआप कडक होते, स्प्रिंग होत नाही.

बर्नबी शहरात राहणारा एक ठाणेकर तरुण गेल्या उन्हाळ्यात आला. धिप्पाड मुलगा. त्याची दीडशेची सायकल दर उडीला खाली आदळत होती. “दादा, आता डाउनहिलच घेऊ का?” असं त्यानं विचारलं. मी त्याला गिअर, पॅड, पाण्याची पिशवी सगळं अंगावर चढवून सायकलवर बसवलं आणि सॅग मोजला. नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं तो सॅग. ३० टक्के धरला तर दीडशेतले ४५ मिलिमीटर. त्याचे त्याहून कितीतरी जास्त खर्च होत होते. म्हणजे उडीच्या आधीच त्याची निम्मी पुंजी संपायची. दाब वाढवला, एक स्पेसर घातला, रिबाउंड हळू केला. रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग. दाब वाढवून तो तसाच ठेवला, तर सायकल उडीच्या तोंडाशी मागून लाथ मारते आणि माणूस नाकावर खाली येतो. त्या मुलानं नवी सायकल घेतली नाही.

ज्यांना नवी घ्यायचीच आहे, त्यांच्यासमोर नॉर्को साइट, ट्रान्झिशन सेंटिनेल, सांताक्रूझ ब्रॉन्सन अशी नावं येतात. तिन्हींच्या अलीकडच्या पिढ्यांत मागे १५० आणि पुढे १६० मिलिमीटर ट्रॅव्हल मिळते. पुढच्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची, ट्रॅव्हल दहा मिलिमीटर जास्त असणं चांगलंच. फक्त चिमट्याच्या नळ्यांचा व्यास पाहा. ३४ मिलिमीटरचा चिमटा हलका असतो, पण पार्कच्या वळणांत तो पिळवटतो. ३५ किंवा ३६ पुरेसा आहे. ३८ चा घेतला तर वजन वाढतं. वजनदार माणसानं तो जरूर घ्यावा. चिमट्याची लांबी आपल्या मनानं वाढवू नये. दहा मिलिमीटर वाढवले की हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या मानेचा जमिनीशी असलेला कोन, जवळपास अर्ध्या अंशानं पडतो, आणि फ्रेमच्या मानेवरचा ताणही वाढतो. दुहेरी क्राउनचा डाउनहिल चिमटा तर उत्पादकाची लेखी परवानगी असल्याशिवाय बसवूच नये.

हेड अँगल ६४ ते ६५ अंशांत असला म्हणजे झालं. मागचं चाक २७.५ इंचांचं आणि पुढचं २९ चं, ही मिश्र जोडी यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये शर्यतींत मान्य केल्यापासून बोकाळली आहे. उंची कमी असेल तर उपयोगी, नाहीतर फार विचार करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचावी आणि जवळजवळ कुणीच वाचत नाही : फ्रेमची श्रेणी. एएसटीएम एफ२०४३ या मानकानुसार तिसऱ्या श्रेणीची सायकल ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी, चौथ्या श्रेणीची १२२ सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढचं सगळं पाचव्या श्रेणीचं. अनेक मिड-ट्रॅव्हल फ्रेम चौथ्या श्रेणीत बसतात, काही पाचव्या. सायकलच्या पुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या चिकटपट्टीवर हे लिहिलेलं असतं. बाईक पार्कमध्ये वापरल्यास वॉरंटी राहते का, हेही तिथेच कळतं. दोन सायकलींची ट्रॅव्हल सारखी असूनही एक पार्कसाठी बांधलेली असते आणि दुसरी नसते.

आणि मग ब्रेक. इथे मी अजिबात तडजोड करू देत नाही. रायडर, पॅड आणि सायकल मिळून १०० किलो धरा. ३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडायची असते, ती जवळजवळ तीन लाख ज्यूल. नळाचं साधं लिटरभर पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच लागते. त्यातली काही हवा आणि टायर खातात, उरलेली दोन पातळ डिस्कमधून बाहेर पडते. लिफ्टनं वर जाऊन लगेच पुन्हा तेच. मिड-ट्रॅव्हल सायकली बऱ्याचदा १८० मिलिमीटरच्या डिस्क आणि साध्या ब्रेक-पॅडनिशी विकल्या जातात. पुढे २०० किंवा २०३ ची डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर आणि धातूमिश्रित पॅड लावा. डिस्क मोठी झाली की त्याच बोटांच्या दाबात अकरा ते तेरा टक्के जास्त जोर मिळतो. संध्याकाळी हात आखडले की लोक सस्पेन्शनला दोष देतात. पुष्कळदा कारण एवढंच असतं, की ब्रेक ताकद लावून ओढावा लागत होता.

टायरचंही तसंच. कंपनीकडून येणारी पातळ कापडाची टायरं वजन वाचवतात आणि पार्कमध्ये पहिल्याच टोकदार दगडावर फाटतात. मॅक्सिसच्या भाषेत मागे किमान डबलडाउन, शक्य तर डीएच केसिंग. पायडल मारायला ती जड, पण इथे पायडल मारायचं कुठे आहे? नेहमीच्या वाटांसाठी हलकी जोडी वेगळी ठेवा.

दीडशेची सायकल जिथे कमी पडते, ती जागाही सांगितली पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये माती वाळते, आणि प्रत्येक वळणाच्या आधी हजारो ब्रेकांनी खणलेल्या लाटा तयार होतात. त्या लाटांवरून दिवसभर जायचं असेल, किंवा गोट्स गलीसारख्या वाटांचाच ध्यास असेल, तर दोनशेची सायकल हातांना खरंच वाचवते. पण ती विकत घ्यायलाच हवी असं नाही. गावात ती भाड्यानं मिळते. वर्षाकाठी मोजक्या खडतर दिवसांसाठी भाडं द्यावं आणि स्वतःच्या पैशातून अशी सायकल घ्यावी, जी रविवारी ए-लाइन उतरेल आणि बुधवारी संध्याकाळी स्क्वामिशच्या ‘हाफ नेल्सन’च्या माथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चढून जाईल. इथल्या पगारदार कुटुंबांना, विशेषतः नुकत्याच स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना, एकच चांगली सायकल सांभाळणं परवडतं.

ऑक्टोबरमध्ये पार्क बंद होतं आणि वापरलेल्या सायकली बाजारात येतात. तेव्हा चांगला सौदा मिळतो, पण हात लावून पाहा. मागचं चाक बाजूला हलवून सांध्यांच्या बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का बघा. शॉकची हवा सोडून तो पूर्ण दाबा. मध्ये कुठे अडकतो का, तेल झिरपतं का. हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या मानेच्या, खालच्या जोडाभोवती रंगात बारीक रेघ दिसली, तर किंमत कितीही कमी असो, ती सायकल सोडून द्या. चिमट्याच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी व्हायला हवी. पार्कमध्ये हे तास भराभर भरतात. विकणाऱ्याला शेवटच्या सर्व्हिसची पावती मागा. नसेल, तर पुढच्या-मागच्या पूर्ण सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.